‘पार्किंगचे भांडण’ म्हणू नका!

पोलीस चौकीत बाई तक्रार घेऊन गेली की पहिली लढाई शब्दांची असते. ती सांगते, ‘त्याने मला घाणेरड्या शिव्या दिल्या, अंगावर गाडी आणली, तू कुठे राहतेस ते मला माहीत आहे असे म्हणाला.’ समोरचा हवालदार लिहितो, ‘गाडी लावण्याच्या कारणावरून उभयतांत बाचाबाची.’ एवढ्या एका ओळीत बरेच काही होऊन जाते. धमकी नाहीशी होते, धमकी देणारा नाहीसा होतो आणि उरतात भांडणारी दोन माणसे, सारखीच दोषी.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. नवरा बायकोला मारत असे तेव्हा त्याला ‘घरगुती भांडण’ म्हणत. ते नाव पुसून त्या जागी ‘छळ’ आणि ‘हिंसा’ हे शब्द आणायला स्त्री-चळवळीला किती झगडावे लागले! दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले १९८३ साली, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा झाला २००५ साली. रस्त्यात मुलीच्या अंगाला हात लावणे ही ‘छेडछाड’ होती. कचेरीतला साहेब जे करी तो त्याचा ‘स्वभाव’ होता. १९९७ च्या विशाखा निकालाने त्याला लैंगिक छळ म्हटले. प्रत्येक वेळी आधी नाव बदलावे लागले, मग कायदा बदलला. आज ‘पार्किंगचे भांडण’ हे नाव तेच जुने काम करते आहे. गाडी लावण्याच्या निमित्ताने बाईवर बसवली जाणारी दहशत ही हिंसा आहे, आणि ती किरकोळ नाही, एवढेच या लेखात मला म्हणायचे आहे.

घडते काय?

सल्ला केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्यांना हे ओळखीचे वाटेल. बाई या तक्रारीसाठी म्हणून येत नाही. ती येते दुसऱ्याच कामाला आणि बोलता बोलता हे निघते. एक परिचारिका. तिच्या इमारतीतला एक गृहस्थ आपली मोटार रोज तिच्या स्कूटरला आडवी लावतो. सकाळच्या पाळीला जाताना तिने बेल वाजवून गाडी काढायला सांगितले, तर तो बनियनवर खाली उतरून तिच्या अंगावर धावून आला. आता ती रिक्षाने जाते आणि पगारातला तेवढा पैसा रिक्षात घालते. एक भाजीवाली. ती वीस वर्षे ज्या कडेला बसते तिथे एकाला गाडी लावायची असते. त्याने काच खाली करून दोनदा हॉर्न वाजवला आणि तिसऱ्या वेळी पुढचे चाक टोपलीवर घातले. एक निवृत्त शिक्षिका. पंचेचाळिसाव्या वर्षी हौसेने मोटार शिकली होती. बाजारात गाडी मागे घेताना एका तरुणाने बॉनेटवर हात आपटून, चारचौघांत, तिच्या वयाचा आणि शरीराचा उद्धार केला. त्यानंतर तिने गाडी बाहेर काढली नाही. मुलाने ती विकून टाकली.

तिन्ही ठिकाणी वाक्ये जवळजवळ सारखीच आहेत. ‘चालवता येत नाही तर रस्त्यावर येता कशाला?’ ‘तुझ्या नवऱ्याला खाली पाठव, मी बायकांशी बोलत नाही.’ ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ आणि शेवटी, ‘बघून घेईन.’ या चार वाक्यांत गाडीचा संबंध फक्त पहिल्यात आहे. बाकीची तीन वाक्ये बाईने आपली पायरी ओळखून राहावे म्हणून आहेत. ‘नवऱ्याला पाठव’ म्हणजे तुझ्याशी बोलण्याइतकी तू माणूस नाहीस. ज्या बाईला नवरा नाही, जी एकटी राहते, घटस्फोटित आहे, विधवा आहे, तिच्या बाबतीत हेच वाक्य आणखी विषारी होते, कारण बोलणाऱ्याला ते चांगले माहीत असते.

आणि शब्दांवर भागले नाही तर टायरची हवा सोडणे, आरसा फोडणे, सीटवर ब्लेड मारणे, बॉनेटवर चावीने ओरखडा काढणे. आमच्या पुण्यात तर फाटकावर पाटीच असते, ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.’ आपण ती वाचून हसतो, पुणेरी पाट्यांच्या संग्रहात तिला जागा देतो. पण शिक्षा आपण ठरवायची, आपणच द्यायची, आणि ती उघड लिहून ठेवायची, हा दादागिरीचा जाहीरनामाच आहे. रात्री दहाला क्लासवरून निघालेल्या मुलीला दोन्ही चाके बसलेली स्कूटर सुनसान गल्लीत ढकलत न्यावी लागते, तेव्हा त्या पाटीतला विनोद संपलेला असतो.

‘पुरुषही मार खातात’

हे उत्तर ठरलेले आहे. खरेही आहे. गाडी लावण्यावरून पुरुष पुरुषांची डोकी फोडतात, प्रसंगी जीव घेतात. मग यात बाईचा वेगळा प्रश्न कोणता?

फरक तीन ठिकाणी आहे. पहिला, पुरुषाला दिलेली शिवी त्याच्या आईबहिणीवरून असते आणि बाईला दिलेली शिवी तिच्याच शरीरावरून. म्हणजे दोन पुरुषांच्या भांडणातही वापरले जाते ते बाईचेच शरीर. दुसरा, धमकी तिथल्या तिथे संपत नाही. गाडीचा नंबर, इमारत, जाण्यायेण्याच्या वेळा त्याला ठाऊक होतात. पुरुषाला ‘बघून घेईन’ म्हटले तर तो मारामारीचा विचार करतो. बाईला म्हटले तर ती काळोखातल्या जिन्याचा विचार करते. तिसरा फरक सर्वात मोठा आहे. पुरुष भांडून घरी आला तर घर त्याच्या बाजूने उभे राहते. बाई आली तर घर विचारते, ‘तू बोललीसच कशाला?’ दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीवरून उचलली जाते. ‘उद्यापासून मीच सोडत जाईन’ हे प्रेमाने म्हटले जाते, पण त्याचा अर्थ एवढाच की उद्यापासून तिचे बाहेर पडणे दुसऱ्याच्या सवडीवर.

हे नुकसान लहान समजू नका. पुण्यासारख्या शहरात बाईच्या मोकळेपणाचा इतिहास दुचाकीच्या इतिहासाशी बांधलेला आहे. आधी सायकल, मग लुना, कायनेटिक होंडा, स्कूटी. नोकरी, क्लास, मोर्चा, माहेर, सारे त्या दोन चाकांवर शक्य झाले. रस्त्यावरचा एक मुजोर माणूस पाच मिनिटांत ते काढून घेतो आणि त्याला वाटते, आपण फक्त जागेसाठी भांडलो.

जागा कोणाची?

अरेरावी करणाऱ्याला ती जागा आपली वाटते, कारण आपल्या शहरांनीच त्याला तसे शिकवले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात शंभरातल्या सुमारे आठच घरांत मोटार आहे. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३४ चौरस फूट जागा धरतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत अख्ख्या कुटुंबाला मिळणारे घर ३०० चौरस फुटांचे. दोन मोटारी शेजारी उभ्या केल्या की त्या घराचे बहुतेक सारे क्षेत्र भरले. आणि शहराच्या बहुतेक गल्ल्यांत ही जागा रात्रंदिवस फुकट दिली जाते.

१९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण त्याच निकालात असेही म्हटले की पदपथ चालणाऱ्यांसाठी आहेत, तिथे झोपडी बांधण्याचा हक्क कोणाला नाही. झोपड्या उठल्या. चाळीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितले की अडथळा नसलेले आणि अपंगांना वापरता येतील असे पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमाखालचा हक्क आहे. मधल्या चाळीस वर्षांत पदपथावरून गरिबाला हुसकावले गेले आणि त्या जागी मोटार चढली. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करू लागली. वर्षातला एक दिवस! दिन त्याचाच पाळावा लागतो ज्याला इतर दिवशी जागा नसते.

भाजीवालीने त्याच पदपथाच्या कडेला बसायचे तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली सर्वेक्षण, नोंदणी, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती अशा पायऱ्या आहेत. त्या असाव्यात, त्यातून तिला संरक्षणही मिळते. पण तिच्या टोपलीवर चाक घालणाऱ्याकडे कोणते प्रमाणपत्र असते? अतिक्रमणाची गाडी तिची पाटी उचलते, मोटारीला मात्र वळसा घालून जाते.

सोसायटीच्या फाटकाआत

फाटकाच्या आत परिस्थिती वेगळी असेल असे वाटते. तिथे तर नियम आहेत, सभा आहेत, इतिवृत्त आहे. पण सभेत बसते कोण? घर नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभासद नवरा. गाडी बाई चालवते, जागेसाठी शिव्या बाई खाते, आणि जागावाटपाचे मत नवरा देतो. तो सभेला गेलाच नाही तर तेही नाही. कार्यकारी समितीत स्त्रियांसाठी जागा राखीव असतात, पण त्या जागेवर बऱ्याचदा सेक्रेटरीच्या वहिनीचे नाव घातले जाते आणि हळदीकुंकू व गणपतीची आरास एवढे खाते तिला मिळते.

जागेच्या मालकीबद्दलही थापा चालतात. ‘मी बिल्डरकडून पैसे मोजून घेतली आहे’ हे वाक्य ऐकवून कितीतरी बायकांना गप्प केले जाते. नहालचंद लालूचंद खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की १९६३ च्या महाराष्ट्राच्या मालकी सदनिका कायद्याखाली उघडी किंवा इमारतीखालच्या खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, ती सर्वांची सामाईक जागा आहे. वाटप सोसायटीने नियमाने करायचे. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. हे माहीत असणारी एक बाई सभेत उभी राहिली की सभेचा सूर कसा बदलतो ते पाहण्यासारखे असते.

आणखी एक माणूस आपण विसरतो. रखवालदार. गाडी हलवा असे सांगण्याचे काम त्याचे, आणि थोबाडीत खाण्याचेही. तो बहुधा परगावचा, कंत्राटी, रात्रपाळीचा. अलीकडे फाटकावर स्त्री-रखवालदारही दिसू लागल्या आहेत. सोसायटीच्या मालकांमधले वैर त्यांच्या अंगावर निघते. आपली मागणी त्यांना सोडून असू शकत नाही. जातीवरून अपमान झाला असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचीही आठवण करून द्यावी लागेल.

‘बाई, सोडून द्या’

आता चौकीत परत जाऊ. तिथे दोन युक्त्या वापरल्या जातात. पहिली, प्रकरण अदखलपात्र ठरवणे. एन. सी. लिहिली की काम संपले, कारण न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. दुसरी युक्ती, समोरच्याकडूनही एन. सी. घेणे. मग ‘दोघांवरही चॅप्टर केस लावू’ असे ऐकवले की बाईच्या घरचेच तिला तक्रार मागे घ्यायला लावतात. दोघांना सारखे वागवणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याने दम दिला आणि जिला दिला, ते सारखे कसे?

कायदा इतका दुबळा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बाईच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द, आवाज, हावभाव वापरणे हे तिच्या ७९ व्या कलमाखाली (जुने ५०९) दखलपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच हेतूने अंगावर हात टाकला तर कलम ७४ (जुने ३५४), तेही दखलपात्र आणि शिवाय अजामीनपात्र. वाट अडवून तिला जाऊ न देणे हा अन्यायाने अटकाव, कलम १२६ (जुने ३४१), दखलपात्र. अंगावर गाडी आणली तर बेदरकार वाहन चालवण्याचे कलम २८१ आहे. म्हणजे शरीरावरून दिलेल्या शिव्या आणि आडवी लावलेली गाडी यांना ‘बाचाबाची’ म्हणून एन. सी. लिहिणे ही पोलिसांची सोय आहे, कायद्याची सक्ती नाही.

आणि ‘किरकोळ’ या शब्दाचे काय? १९८८ साली चंदीगडमध्ये एका मेजवानीत पंजाबचे पोलीस प्रमुख के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या आय. ए. एस. अधिकारी स्त्रीच्या अंगाला हात लावला. उच्च न्यायालयाने हा क्षुल्लक प्रकार ठरवून गुन्हा रद्द केला. रूपन देओल बजाज मागे हटल्या नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीच्या लज्जेशी संबंधित गुन्हा क्षुल्लक ठरवता येत नाही, आणि पुढे गिल यांना शिक्षाही झाली. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर जे टिकले ते आपल्या गल्लीतल्या गाडीवाल्यासमोर टिकणार नाही का?

‘हा गाडीवाल्या बायकांचा प्रश्न’

काही संघटनांतून असा सूर निघतो की पाण्याचे, रेशनचे, हुंड्याचे प्रश्न पडले असताना हा मध्यमवर्गीय विषय कशाला? त्यांना माझे म्हणणे असे आहे. पदपथावर मोटार चढली की कोण रस्त्यावर उतरते? डोक्यावर पाटी घेतलेली, कडेवर मूल घेतलेली, चार घरची धुणीभांडी करून चालत जाणारी बाई. काठी टेकत चालणारी म्हातारी. चाकांच्या खुर्चीतली मुलगी. ‘गाडी जरा सरकवा’ म्हणणाऱ्या कामवालीला जे ऐकावे लागते ते मालकिणीला ऐकवण्याची कोणाची हिंमत होत नाही. हा प्रश्न गाडी असलेल्या बाईपेक्षा गाडी नसलेल्या बाईचा जास्त आहे. फक्त तिची तक्रार चौकीपर्यंत पोचतच नाही.

उलट बाजूने सावधही राहिले पाहिजे. आपला राग टेम्पोवाला, रिक्षावाला, डिलिव्हरीची पोरे यांच्यावर काढणे सोपे असते, कारण ते आपल्याहून कमजोर असतात. त्यांनी बाईला शिवी दिली तर तीही शिवीच आहे, सूट कोणालाच नको. पण ‘मी कोण आहे माहीत आहे का’ हे वाक्य त्यांच्या तोंडी क्वचितच असते. ते वाक्य ज्यांच्या तोंडी असते, त्यांच्याविरुद्ध जायला गट लागतो.

आपण काय करायचे?

प्रसंग येतो तेव्हा जीव आधी. काच वर, दार बंद, खाली उतरायचे नाही. पायी असाल तर दुकानात, उजेडात, माणसांत जायचे. किल्ली कोणाच्या हातात द्यायची नाही. ११२ ला फोन करायचा आणि तो समोरच्याला ऐकू येईल असा करायचा. माघार घेतली तर त्यात कमीपणा नाही. पण माघार हा बचाव आहे, बाईचे कर्तव्य नाही, हे मैत्रिणींना पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

नंतर मात्र सोडायचे नाही. त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, नेमके शब्द, पाहणारे कोण. शब्द लिहायला लाज वाटते, पण ७९ वे कलम त्या शब्दांवरच उभे राहते. सोसायटीला किंवा दुकानदाराला त्याच दिवशी लेखी पत्र द्या की कॅमेऱ्यातले चित्रण पुसू नका, कारण काही दिवसांत ते आपोआप पुसले जाते. चौकीत एकटीने जाऊ नका, दोघी बरोबर जा. ७४ आणि ७९ या कलमांची फिर्याद स्त्री-अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते; ती नसेल तर तसे लिहून मागा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेतले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवा आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा.

आणि संघटना म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१. गाडी लावण्यावरून बाईला दिलेली धमकी वा शिवीगाळ ‘बाचाबाची’ म्हणून नोंदवू नये. जे घडले ते तिच्या शब्दांत नोंदवावे आणि लागू होणारी दखलपात्र कलमे लावावीत.

२. ‘दोघांवरही कारवाई’ ची धमकी देऊन तक्रार मागे घ्यायला लावणाऱ्या पोलिसांवर खात्याने कारवाई करावी.

३. पदपथावरच्या गाड्या रोज उचलाव्यात. त्याआधी भाजीवालीची पाटी उचलू नये.

४. प्रत्येक सोसायटीने जागावाटप सर्वसाधारण सभेत, लेखी नियमाने करावे आणि घरात राहणाऱ्या स्त्रियांना, घर कोणाच्याही नावावर असो, तिथे बोलण्याची संधी द्यावी.

५. रखवालदारावर हात टाकणाऱ्या सभासदाविरुद्ध सोसायटीने स्वतः फिर्याद द्यावी.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करून पाहा. प्रत्येकीला विचारा, गाडी लावताना, काढताना किंवा कोणाला गाडी हलवायला सांगताना तुला काय ऐकावे लागले आणि त्यानंतर तू काय करणे सोडलेस? पहिल्या प्रश्नावर थोडे हसणे होईल. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मात्र वहीत उतरवून घ्या. कोणी रात्रपाळी सोडली असेल, कोणी वाट बदलली असेल, कोणी गाडी विकली असेल. ती वही घेऊन आपण सगळ्या मिळून पोलीस ठाण्यात जाऊ, आणि मग विचारू की यातले किरकोळ कोणते.